दुरुस्तीची वही

निवृत्त माणसानं काय करावं याबद्दल आपल्याकडे निवृत्त नसलेल्या प्रत्येकाचं ठाम मत असतं. सकाळी फिरायला जावं, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडावं, भाजी निवडून द्यावी, जमलंच तर एखादी यात्रा करावी. आणि मुख्य म्हणजे घरातल्या कुठल्याही चालू-बंद वस्तूला स्क्रू-ड्रायव्हर लावू नये. छंद असावा, पण पसारा नसावा! मला या बाबतीत जरा वेगळं बोलायचं आहे. त्यासाठी मी जी जमात साक्षीला उभी करणार आहे ती आहे जुने जपानी अँप्लिफायर दुरुस्त करत बसणाऱ्या निवृत्त इंजिनिअरांची.

मी गेली चौदा वर्षं योकोहामाच्या बाहेरच्या भागात राहते. नोकरी सॉफ्टवेअरची आणि डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, म्हणजे माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांसारखीच :) आमच्या खालच्या गल्लीत एक आजोबा राहतात. (समोर मी त्यांना आडनावाला 'सान' लावून हाक मारते, पण फोनवर आईशी बोलताना ते आजोबाच असतात, म्हणून इथेही तेच.) वय ७८. सगळी नोकरी मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली. आता त्यांच्या घरात सहा तातामींची, म्हणजे साधारण आपल्या दहा बाय दहाची, एक खोली आहे. तिच्यात १७ अँप्लिफायर, एक ऑसिलोस्कोप, दोन सोल्डरिंग आयर्न आणि बसायला एक उशी आहे. दुसऱ्या माणसाला बसायला जागा नाही. मी दारात बसते.

असे आजोबा जपानमध्ये एकटेदुकटे नाहीत, अमेरिकेत आणि युरोपातही भरपूर आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना लोक एक शब्द हमखास वापरतात, 'नॉस्टॅल्जिया'. तरुणपणी परवडला नाही तो अँप्लिफायर म्हातारपणी घेतला, झालं. यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. पण माझं म्हणणं असं की या कामाला नुसतं स्मरणरंजन म्हणणं हा त्या कामाचा अपमान आहे. ते काम काय आहे हे आधी जरा सविस्तर सांगते, म्हणजे माझं म्हणणं हवेत राहणार नाही.

आपल्याकडे सान्सुई म्हटलं की नव्वदीच्या दशकात व्हिडिओकॉनवाल्यांनी विकलेले टीव्ही आठवतात. पण मूळची सान्सुई १९४४ मध्ये तोक्योत सुरू झाली ती ट्रान्सफॉर्मर बनवण्यासाठी. नावाचा अर्थ 'डोंगर आणि पाणी'. ट्रिओ, म्हणजे नंतरची केनवूड, १९४६ मध्ये नागानोच्या डोंगराळ मुलखात सुरू झाली. पायोनिअर १९३८ ची, ती स्पीकरपासून. आणि यामाहाची गोष्ट तर मला फारच आवडते. १८८७ मध्ये हामामात्सुच्या एका शाळेतली अमेरिकन बनावटीची पेटी बिघडली आणि तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला दुरुस्तीला बोलावलं. त्यानं ती उघडली, दुरुस्त केली, आणि मग आपण स्वतःच अशी बनवू शकतो असं त्याला वाटलं. बनवली, आणि तपासून घ्यायला हाकोनेचा घाट ओलांडून खांद्यावरून तोक्योला नेली. पुढचा सगळा कारखाना, पियानो, मोटारसायकली, अँप्लिफायर, या एका दुरुस्तीतून आलेला आहे. 'दुरुस्ती काय, कोणीही मेकॅनिक करतो' असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता हे अँप्लिफायर इतके दणकट का झाले? त्याला एक कारण कायद्याचं आहे. साठीच्या दशकात अमेरिकेत अँप्लिफायरच्या जाहिरातींत वॅटचे आकडे वाट्टेल ते छापत. (आपल्याकडे पुढे दोन स्पीकरच्या खोक्यावर '१००० वॅट पीएमपीओ' छापून येई, तशातलाच प्रकार.) १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं नियम केला. वॅट सांगायचे तर सतत मिळणारे सांगा, आणि मोजण्याआधी अँप्लिफायर एक तास एक-तृतीयांश पॉवरवर चालवा. हे एक-तृतीयांश ऐकायला सोपं वाटतं, पण नेहमीच्या क्लास-बी अँप्लिफायरमध्ये साधारण त्याच पट्ट्यात आउटपुट ट्रान्झिस्टर सगळ्यात जास्त तापतात. मग ते सोसायला मोठे हीटसिंक आले, मोठे ट्रान्सफॉर्मर आले, कपाच्या आकाराचे कपॅसिटर आले. अमेरिकेत माल विकणाऱ्या जपानी कंपन्यांमध्ये चढाओढ लागली. १९७८ च्या पायोनिअर एसएक्स-१९८० या रिसीव्हरचे वॅट होते एका चॅनेलला २७० आणि वजन सुमारे ३५ किलो! गिऱ्हाइकाला खरं सांगा म्हणून केलेला नियम, आणि त्याचा परिणाम असा की पन्नास वर्षांनंतरही ती यंत्रं जिवंत आहेत.

ही मस्ती फार काळ चालली नाही. १९८२ मध्ये सीडी प्लेअर आला, मग १९८५ नंतर येन महागला, आणि सान्योच्या एसटीके मालिकेसारखे हायब्रिड मोड्यूल आले होतेच, ज्यांत अख्खा पॉवर अँप्लिफायर एका काळ्या पट्टीत बसतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास घिरट्या घातलेल्या मंडळींना एसटीके-४१४१ हा आकडा आजही पाठ असेल. आपले कितीतरी 'असेंबल्ड' स्टिरिओ त्याच्यावर चालले. पण मोड्यूल गेलं की गेलं, त्याच्या पोटात शिरता येत नाही. सत्तरीच्या दशकातला अँप्लिफायर मात्र उघडला की सगळा वाचता येतो. एकेक ट्रान्झिस्टर वेगळा, एकेक रेझिस्टर वेगळा, बोर्डाच्या मागे तांब्याचे रस्ते डोळ्यांना दिसतात, आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट छापलेलं असतं, कुठल्या बिंदूला किती व्होल्ट हवेत त्यासकट.

पण वाचता येतं म्हणजे कोणालाही वाचता येतं असं नाही.

आजोबांकडे नवा (म्हणजे जुना) अँप्लिफायर आला की पहिली गोष्ट म्हणजे ते तो चालू करत नाहीत. दोन दिवस नुसता उघडून ठेवतात आणि बघतात. काय बघतात? एक म्हणजे गोंद. त्या काळी मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून बोर्डावर पिवळट गोंद लावत. वर्षानुवर्षं तापून तो तपकिरी होतो आणि मग हळूहळू वीज वाहू लागतो, शिवाय आजूबाजूच्या पार्टांचे पाय खातो. तो खरवडून काढायचा, बोर्डाला ओरखडा न पाडता. त्यात एक अख्खी संध्याकाळ जाते. दुसरं म्हणजे काळे पडलेले ट्रान्झिस्टरचे पाय. तिसरं म्हणजे जड पार्टांच्या खालचं सोल्डरिंग, ज्यात केसाएवढी गोल चीर पडलेली असते आणि ती भिंगाशिवाय दिसत नाही.

मग सिरीज बोर्ड. हो, तोच, आपल्या वायरमनकडे असतो तो, वाटेत बल्ब जोडलेला! इथेही तीच युक्ती आहे. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि अँप्लिफायर वाचतो. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जायचं. मग मोजमाप. स्पीकरच्या तोंडाशी डीसी किती येतोय? काही मिलिव्होल्टच हवा, जास्त असला तर स्पीकर जळेल. आउटपुट ट्रान्झिस्टरमधून नुसत्या बसल्या जागी किती करंट वाहतोय? तो थेट मोजत नाहीत, एमिटरच्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज बघतात. ०.४७ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर. हा करंट ठरवायला एक बोटाच्या नखाएवढा प्रिसेट असतो. पन्नास वर्षांत त्याची आतली सरकपट्टी गंजते. बऱ्याच सर्किटांत ती सुटली की करंट एकदम वर जातो आणि चार महागडे ट्रान्झिस्टर एका क्षणात जातात. दहा-वीस येनच्या पार्टापायी!

हे मी जे लिहिलं ते मॅन्युअलमध्ये नाही. मॅन्युअल नवा अँप्लिफायर कसा असावा ते सांगतं. पन्नास वर्षांनी तो कुठे आणि कसा म्हातारा होतो हे त्यात असणारच कसं? ते लिहिणाऱ्या इंजिनिअरनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. ते ज्ञान गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या निवृत्त मंडळींनी टेबलावर बसून गोळा केलं आहे. अमुक मॉडेलच्या फोनो बोर्डावरचा अमुक ट्रान्झिस्टर खरखर करतोच. तमुक बोर्डावर कपॅसिटरची खूण उलटी छापली गेली आहे. हा रिले बदलू नका, नुसता कागदाची पट्टी फिरवून साफ करा. ही माहिती नवीन आहे, ते जुन्या काळाच्या आठवणी काढत बसलेले नाहीत. म्हणून मला 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द खटकतो. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी उतरली की लावून आणतात. त्याला कुणी 'व्हिंटेज' म्हणत नाही आणि जवारी लावणाऱ्याला छंदिष्टही म्हणत नाही. मग अँप्लिफायरनंच काय घोडं मारलंय?

आता या मंडळींमध्येही दोन टोकं आहेत, आणि दोन्हींशी माझं पटत नाही. एका टोकाला 'सगळं बदला' वाले. यंत्र उघडायचं, असतील नसतील ते सगळे कपॅसिटर उपटायचे, चकचकीत नवे बसवायचे, आणि 'पूर्ण रिस्टोअर्ड' म्हणून तिप्पट किमतीला विकायचं. यात मोजमाप नाही, म्हणून समजही नाही. शिवाय पन्नास ठिकाणी सोल्डरिंग उपसलं की जुन्या बोर्डाचे दोन-चार तांब्याचे रस्ते उखडतातच. दुसऱ्या टोकाला सोवळेवाले. मूळ पार्ट म्हणजे मूळ पार्ट, मग तो गळत का असेना. यांचे अँप्लिफायर काचेच्या कपाटात असतात आणि वाजत नाहीत. आजोबांची पद्धत मला बरोबर वाटते. जे मोजून खराब ठरलं ते बदलायचं, जे घातक आहे हे ठाऊक आहे ते न मोजताही बदलायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. काढलेले जुने पार्ट छोट्या पिशवीत घालून त्यावर तारीख टाकायची. आणि मग अँप्लिफायर रोज वाजवायचा.

आक्षेप येणार हे मला माहीत आहे. माझा धाकटा भाऊ हे वाचतोय, त्याचा पहिला प्रश्न विजेचा असेल. बरोबर आहे. त्या काळचा मोठा अँप्लिफायर नुसता चालू ठेवला तरी चाळीस-पन्नास वॅट सहज खातो, आणि आजचा तळहाताएवढा क्लास-डी अँप्लिफायर त्याच्या काही अंशात भागवतो. आवाजात फरक आहे का? मी भांडणार नाही. चांगला नवा अँप्लिफायर मोजमापात जुन्याला मागे टाकतो हे आजोबा स्वतःच सांगतात. शिवाय ७८ व्या वर्षी कानाला वरचे सूर ऐकूच येत नाहीत. आजोबा दहा हजार हर्ट्झच्या वरचा सगळा संसार ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघतात आणि खूश होतात! तेव्हा 'जुनं ते सोनं' हा माझा मुद्दाच नाही. माझा मुद्दा असा की ही यंत्रं हे सामान्य माणसाच्या घरात आलेलं शेवटचं असं इलेक्ट्रॉनिक्स आहे जे एक माणूस, एका टेबलावर, पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या इलेक्ट्रॉनपर्यंत समजून घेऊ शकतो. माझ्या फोनबद्दल हे कोणीच म्हणू शकत नाही, तो बनवणारेसुद्धा नाहीत. अशी समजणारी माणसं समाजात असणं मला गरजेचं वाटतं, अँप्लिफायर वाजो न वाजो.

आणि ती माणसं आता चालली आहेत. इथे खरी काळजी सुरू होते.

जपानमध्ये १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत प्रचंड संख्येनं मुलं जन्मली. त्या पिढीला 'दानकाई' म्हणतात. जपानी इलेक्ट्रॉनिक्सचे सुगीचे दिवस याच पिढीनं कारखान्यात काढले. २००७ पासून ते साठी गाठू लागले तेव्हा वर्तमानपत्रांनी '२००७ चा प्रश्न' म्हणून गजर केला होता की यांच्याबरोबर कारखान्यांतलं कसबही घरी जाणार. ते गेलंच. पण घरी गेलेल्यांपैकी काहींनी सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि त्यातून ही वीस वर्षं मिळाली. २०२५ मध्ये ती सगळी पिढी पंचाहत्तरीच्या पुढे गेली. आता पुढची वीस वर्षं मिळणार नाहीत.

इथे 'शूकात्सु' नावाचा प्रकार आहे. म्हणजे आपल्या शेवटाची तयारी आपणच करून ठेवायची. काय कोणाला द्यायचं, काय टाकायचं, फोटो कुठला लावायचा. आजींनी त्यांची यादी केव्हाच करून ठेवली आहे, किमोनोंसकट. आजोबांच्या खोलीबद्दल मात्र त्या मला हसत हसत म्हणाल्या, "ते उचलायला दोन माणसं लागतात, आणि हे गेल्यावर मी एकटीच असेन." मुलगा ओसाकाला असतो, फ्लॅटमध्ये. त्याला एकही नको आहे. त्याचं चूकही नाही.

गेल्या वर्षी आजोबांचे एक स्नेही वारले. तेही निवृत्त इंजिनिअर, हीच आवड. घरच्यांनी अँप्लिफायर जुन्या सामानाच्या दुकानाला देऊन टाकले. वह्या दोरीनं बांधून रद्दीच्या दिवशी कोपऱ्यावर ठेवल्या. तीस वर्षांच्या वह्या! कुठल्या मॉडेलला काय झालं होतं, काय बदललं, आधी किती व्होल्ट होते, नंतर किती. आजोबांना कळेपर्यंत गाडी येऊन गेली होती. पुढे काही महिन्यांनी त्यांना त्याच दुकानात स्नेह्यांचा एक अँप्लिफायर दिसला. त्यांनी तो विकत आणला आणि झाकण काढलं, तर आत ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला चिकटवलेली एक चिठ्ठी. तारीख, बदललेले पार्ट, करंटचा आकडा, आणि खाली 'डाव्या चॅनेलचा रिले पुढच्या वेळी बघावा'. आजोबांनी रिले काढून बघितला. काळा पडलेला होता.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते रिलेबद्दलच बोलत होते, स्नेह्यांबद्दल एक शब्द नाही. मी पण विचारलं नाही.

तर माझं मत असं. निवृत्त इंजिनिअरनं अँप्लिफायर वाचवण्याआधी वही वाचवावी. सतरा अँप्लिफायर दुरुस्त करून कपाटात ठेवण्यापेक्षा सात करावेत आणि उरलेल्या वेळात वही दुसऱ्याला वाचता येईल अशी लिहून काढावी, तिचे फोटो काढावेत, चार ठिकाणी ठेवावेत. आणि प्रत्येक यंत्रात चिठ्ठी ठेवावी. इथल्या जुन्या देवळांच्या आढ्याला लाकडी पाटी ठोकलेली असते, कुणी, केव्हा बांधलं किंवा दुरुस्त केलं ते सांगणारी. तीनशे वर्षांनी देऊळ उतरवणाऱ्या सुताराला ती सापडते. तोच प्रकार अँप्लिफायरमध्ये करायला एक कागद आणि एक पेन लागतं.

दुसरं म्हणजे शिकवावं. 'हल्लीच्या मुलांना धीर नाही' हे वाक्य मी मराठीत जितक्या वेळा ऐकलं तितक्याच वेळा जपानीत ऐकलं आहे. मला ते पटत नाही. धीर शिकवला तर येतो. मी पहिल्यांदा आजोबांकडे गेले तेव्हा त्यांनी मला आयर्नला हात लावू दिला नाही. एक मेलेला बोर्ड दिला आणि सांगितलं, याचं सर्किट कागदावर काढून आण. तीन रविवार लागले. त्या तीन रविवारांत मला जे कळलं ते चार वर्षांच्या डिग्रीत कळलं नव्हतं. असा एखादा मेलेला बोर्ड प्रत्येक निवृत्त इंजिनिअरच्या घरी असतो. तो शेजारच्या मुलीला द्या. हो, मुलीला. त्यांच्या मंडळाच्या एका बैठकीत मी गेले तेव्हा एका गृहस्थांनी मला चहा आणणारी समजून कप पुढे केला होता. मी त्यात चहा ओतला आणि मग त्यांच्या शेजारी बसून बायसबद्दल प्रश्न विचारला. पुढच्या बैठकीला त्यांनी स्वतः चहा आणला.

तिसरी गोष्ट कंपन्यांची आणि सरकारची. जपानमध्ये स्टिरिओचं उत्पादन थांबल्यावर कंपनीनं आठ वर्षं दुरुस्तीचे पार्ट ठेवावेत असा दंडक आहे. आठ वर्षांनी पुढे काय? अक्युफेज ही योकोहामाचीच कंपनी अनेक दशकं जुनी यंत्रंही दुरुस्तीला घेते म्हणून तिचा लौकिक आहे, पण ती अपवाद. सान्सुईनं २०१२ मध्ये न्यायालयाकडे धाव घेतली आणि २०१४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. पायोनिअरचा घरगुती ऑडिओचा धंदा २०१५ मध्ये ओन्क्योकडे गेला, आणि २०२२ मध्ये ओन्क्योचंही दिवाळं निघालं. अशा वेळी कपाटातली सर्किटं कुणाची? मला वाटतं, ज्या दिवशी कंपनी पार्ट देणं थांबवते त्या दिवशी त्या यंत्राचं मॅन्युअल सर्वांसाठी खुलं झालं पाहिजे. 'कोणी उघडून शॉक लागून मेला तर?' असा प्रश्न विचारतात. लोक उघडतातच. मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही किती व्होल्ट उरतात हे ज्याला कागदावर दिसतं तो जपून हात घालतो. ज्याला दिसत नाही तो मरतो.

आणि सरकार ऐकतं, हे इथे एकदा घडलेलं आहे. २००१ मध्ये विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचा नवा कायदा लागू झाला. नवं चिन्ह नसलेली जुनी उपकरणं दुकानदारांना ३१ मार्च २००६ नंतर विकता येणार नव्हती, त्यात अँप्लिफायर आणि सिंथेसायझरही आले. म्हणजे पूर्ण सुरक्षित, चालू यंत्रं एका रात्रीत भंगार! संगीतकार र्‍युइची साकामोतोंसारखी माणसं पुढे आली, सह्यांची मोहीम झाली, आणि मंत्रालयाला आधी 'व्हिंटेज' वस्तूंना सवलत द्यावी लागली आणि २००७ मध्ये कायदाच बदलावा लागला. १९७४ चा अमेरिकेतला नियम आणि हा, दोन्ही गिऱ्हाइकाच्या भल्यासाठीच केलेले. एकानं यंत्रं टिकाऊ केली, दुसरा ती मारायला निघाला होता. नियम लिहिणाऱ्यांच्या खोलीत दुरुस्ती करणारा माणूस बसलेला असावा, एवढंच मला त्यातून दिसतं. भारतातही २०२२ पासून दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सरकारी पातळीवर सुरू झाली आहे, पोर्टलही निघालं आहे. तिथे निवृत्त इंजिनिअरांनी आपलं डोकं घालावं. त्यांच्याइतकं हे कोणाला कळतं?

काही यंत्रं वाचणार नाहीत हेही कबूल करायला हवं. सत्तरीच्या मध्याला सोनी आणि यामाहानं व्ही-फेट नावाचे वेगळ्या जातीचे ट्रान्झिस्टर वापरून अँप्लिफायर काढले. मूळ कल्पना प्राध्यापक जुनइची निशिझावांची, १९५० ची. ते ट्रान्झिस्टर आता कोणी बनवत नाही आणि त्यांच्या जागी दुसरे चालत नाहीत. ते गेले की अँप्लिफायर गेला. बाजारात जुने नंबर छापलेले नकली ट्रान्झिस्टर भरपूर मिळतात, ते पहिल्याच दमात फुटतात. १९२४ पासून निघणारं 'मुसेन तो जिक्केन' हे मासिक २०२३ पासून त्रैमासिक झालं. अकिहाबारात रेल्वेच्या पुलाखाली पार्ट विकणारी चिंचोळी दुकानं आहेत अजून, पण तिथलं रेडिओ स्टोअर २०१३ मध्येच बंद झालं. आजोबा या सगळ्याबद्दल हळहळत नाहीत. जे मिळत नाही ते वहीत लिहून ठेवतात, 'मिळत नाही' असं.

असो. नातेवाईक मंडळींपैकी ठाण्याच्या काकांसाठी शेवटचे दोन शब्द. काका, तुम्ही १९८१ मध्ये मस्कतहून आणलेला अँप्लिफायर माळ्यावर आहे हे मला माहीत आहे, आणि काकूंना तो भंगारात द्यायचा आहे हेही माहीत आहे. तुम्ही पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज चालवलंत, तुम्हाला हे काम अवघड नाही. खाली काढा, मागची पट्टी बघा, मॉडेल नंबर मला कळवा, मॅन्युअल मी शोधते. सोसायटीतली एखादी इंजिनिअरिंगची पोरगी दारात बसवा. एक दोनशे पानी वही आणा. आणि सिरीज बोर्डाशिवाय प्लग लावू नका.